माळ्यावरचा निकॉन एफएम10 फिल्म कॅमेरा खाली काढलाय, पुन्हा सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ (सांगली), 9 जानेवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न कॅमेऱ्याचा आहे आणि थोडा माझाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीत शाळेत शिकवते. फोटोची गोडी लागली ती घरातल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यामुळे. 120 चा रोल, बारा चौकोनी फोटो, आणि सूर्य पाठीशी ठेव म्हणून बाबांचं दरवेळचं बजावणं. पुढे कोल्हापुरात कॉलेजला असताना, 1996 ते 98 या काळात, आमच्या एका सरांनी जिन्याखालच्या खोलीत डार्करूम थाटली होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल आम्हाला परवडायचे. डी-76 डेव्हलपरची पावडर, फिक्सरसाठी हायपोचे खडे, लाल दिवा. ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर पहिलं चित्र उमटताना पाहिलं आणि त्यानंतर हातात आलेला प्रत्येक पैसा ब्रोमाइड पेपरवर गेला. निकॉन एफएम10 दुबईच्या मामांनी आणून दिला, 35-70 च्या लेन्ससकट. त्याच्यासाठी मी पूर्ण उन्हाळा शिकवण्या घेऊन मामांचे पैसे फेडले होते.

मग नोकरी, लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. जिथे रोल धुवायला द्यायचे त्या स्टुडिओने केमिकल बंद केलं. शेवटचा रोल कधी घातला ते मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचंच वाईट वाटतं.

2019 च्या पुरात आमचा खालचा मजला पाण्यात होता. कपाटं, पुस्तकं, गाद्या सगळं गेलं. कॅमेरा आणि निगेटिव्हची पत्र्याची पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. तरी ती मी तेव्हा उघडली नाही. आता मुलगी पुण्याला शिकायला गेली आहे, घर आवरायला वेळ मिळाला, तेव्हा उघडली. वर कॅमेरा होता आणि खाली कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र छापलेले कागद.

त्यातलं एक शीट मी गेले कित्येक दिवस भिंगाखाली घेऊन बसते. मिरजेची सतारमेकर गल्ली. पहिल्या फ्रेममध्ये रस्त्यावरून घेतलेलं दुकान आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. मग दारातून, आढ्याला टांगलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे. मग कारागिराची पाठ. मग त्याचा खांदा. मग मी बहुतेक खाली बसले असणार, कारण फ्रेमची उंची बदलली आहे आणि तूण लाकडाच्या दांडीवर पटाशी धरलेले हात समोर आले आहेत. पुढच्या चार-पाच फ्रेम फक्त त्या हातांच्या. एकीत पटाशी उचललेली, एकीत टेकलेली, एकीत तो भुसा फुंकतोय. मी किती वेळ तिथे होते कोण जाणे, पण मी एकेक पाऊल पुढे सरकत होते हे त्या शीटवर स्पष्ट दिसतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरांत पुष्कळ फोटो आले होते. माझे त्यांच्याइतके सफाईदार नाहीत. पण मी तिथे होते, हे त्यांत आहे.

फोनमध्ये माझ्याकडे हजारो फोटो आहेत. स्नेहसंमेलन, वाढदिवस, आयर्विन पुलावरचा सूर्यास्त. एकाही जागी मी अशी सरकत पुढे गेलेली दिसत नाही. एक फोटो आणि पुढे. मला ते जवळ जाणं परत हवंय. मंडळी, कॅमेरा हे त्याचं निमित्त आहे असं समजा.

आता नेमकं विचारते. लेन्समधून उजेडाकडे पाहिलं तर एका काठाला बारीक धागे दिसतात, ही बुरशीच ना? लेन्स वाचेल का? मागच्या झाकणाच्या खाचेतलं काळं फोम बोटाला डांबरासारखं चिकटतं. आणि मुख्य म्हणजे, आजच्या काळात फिल्मवर परत जाणं शहाणपणाचं आहे, की एखादा डिजिटल घेऊन मोकळं व्हावं? घरातल्यांचं मत दुसऱ्या बाजूला आहे. माझं मन कुठे आहे ते तुम्हाला वाचून कळलंच असेल.

विषय मी ठरवला आहे. लवकरच मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू होतील. लहानपणापासून तिथून जाते, कधी थांबले नाही.

---

बोराबाजार (मुंबई), 9 जानेवारी

ताई, लेन्स फेकू नका. एफएम10 तर मुळीच नको. 2006 साली निकॉनने बहुतेक सगळे फिल्म कॅमेरे बंद केल्याचं जाहीर केलं तेव्हा जे दोन ठेवले, त्यांतला एक हा होता. दुसरा एफ6. तुमच्या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण मेकॅनिकल आहे. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते. एलआर44 चे दोन सेल घाला, बस.

आधी तपासणी. रोल न घालता मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर ठेवा आणि दाबा. कानाने ऐका, डोळ्याने बघा. मग अर्धा, पाव, असं वर जा. हळू स्पीड अडखळत असतील तर जुनं वंगण सुकलंय. वरचे स्पीड बघायला कॅमेरा खिडकीकडे धरा. पडदा पूर्ण चौकटीत सारखा उघडताना दिसला पाहिजे. पडद्याच्या पात्यांना बोट लावू नका, फुंकरही मारू नका, थुंकीचा थेंब उडतो.

चिकट काळं फोम म्हणजे लाइट सील, बाहेरचा उजेड आत शिरू न देणारी पट्टी. सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं हे होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातकोरणी घेऊन हळूच खरवडायचं, मग नवीन पट्टी लावायची. आरशाच्या वरच्या कडेलाही तसंच फोम असतं, ते विसरतात लोक. ते गळून फोकसिंग स्क्रीनवर पडलं तर स्क्रीन पुसायला जाऊ नका, त्यावर लगेच ओरखडे येतात.

बुरशी. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारा, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवून. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. काठावरच असेल तर फोटोत फारसं काही कळणार नाही, पण ती वाढते, म्हणून काढून घ्या. काचेवरचं कोटिंग तिने खाल्लं असेल तर साफ केल्यावरही खूण राहते आणि उजेड समोर असताना चित्र जरा धुरकट येतं. लेन्स उघडणारा माणूस अनुभवी हवा. फोर्टात बोरा बाजारात असे हात अजून आहेत, कुरियरने पाठवलं तरी करतात.

परत आल्यावर ती चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. साठच्या वर गेला की बुरशीचं फावतं. आणि सर्वांत मोठं औषध म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणं. उजेड आणि हवा लागली की ती धरत नाही.

---

सह्यवारा (डोंबिवली), 10 जानेवारी

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. रोल आज आठशे-हजाराला, त्यावर धुणं आणि स्कॅनिंग. पुन्हा सुरुवात करताना हात चुकतो, आणि प्रत्येक चुकीला पैसे लागले की माणूस कॅमेरा बाहेर काढायचंच टाळतो. माझं तसं झालं होतं. शेवटी वापरलेला डिजिटल घेतला आणि हिवाळ्यात उजनीच्या पाणथळावर, भिगवणला जायला लागलो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडायच्या आधी मान कशी ताणतो हे मला शेकडो वाया गेलेल्या फ्रेममधून कळलं. फिल्मवर ते शिकणं मला झेपलं नसतं.

तुमची जुनी लेन्स वापरता येईल, पण बॉडी बघून घ्या. डी90 किंवा त्याखालच्या डी3000, डी5000 मालिकेतल्या बॉडीवर ती बसते, मात्र मीटर चालत नाही. डी7000 पासून वर चालतं, फक्त डी7500 सोडून. मिररलेसवर अडॅप्टर लावून तर फारच सोयीचं: ज्या कडा फोकसमध्ये आहेत त्या रंगाने चमकतात, डोळ्याला ताण नाही.

तुम्हाला हवं आहे ते जवळ जाणं डिजिटलवरही होतं. मी मागची स्क्रीन बंद ठेवतो आणि घरी येईपर्यंत बघत नाही. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

---

कृष्णाकाठ, 10 जानेवारी

दोघांचे मनापासून आभार. टॉर्च मारून पाहिलं, बुरशी काठावरच आहे. शटर एक सेकंदाला थोडं रेंगाळतं, बाकी ठीक वाटलं. लेन्स आणि बॉडी दोन्ही मुंबईला पाठवते.

सह्यवारा, राग कसला? पक्ष्यांसाठी तुमचं अगदी बरोबर आहे. मला मात्र उडणारं काही टिपायचं नाही. मला एका जागी उभं राहायचंय, आणि रोलमध्ये 36 च फ्रेम आहेत हे माहीत असलं की माझे पाय आपोआप थांबतात. म्हणून फिल्मच. सुरुवात ब्लॅक अँड व्हाइटने, कारण ते मी घरी धुवू शकेन. निदान पूर्वी धुवत होते.

पेटीत दोन फिल्टर सापडलेत, पिवळा आणि नारिंगी. हळदीवर यातला कोणता लावावा? आणि सांगलीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नळाचं पाणी काही वीस अंशांवर नसतं. त्याचं काय करता तुम्ही लोक?

---

संत्रानगरी (नागपूर), 11 जानेवारी

पाण्याचं मला विचारा! आमच्याकडे मार्चपासून टाकीचं पाणी हाताला कढत लागतं.

एचपी5 प्लस (इलफर्डची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म), डी-76 न पातळ करता, 20 अंशांना साडेसात मिनिटं. पाणी 24 अंशांवर गेलं की हाच वेळ सव्वापाचच्या आसपास येतो. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका. तेवढ्यात डेव्हलपर फिल्मवर सारखा पसरत नाही आणि आकाशात पट्टे येतात. म्हणून मी उन्हाळ्यात डी-76 निम्मं पाणी घालून वापरते. वेळ लांबतो, हातात राहतो. एकदा वापरलं की ओतून द्यायचं, साठवायचं नाही.

माझी पद्धत अशी. भांडी घासायचं मोठं घमेलं घ्यायचं, त्यात पाणी आणि फ्रिजमधला बर्फ. डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा फिक्सर, तिन्ही बाटल्या त्यात उभ्या करायच्या आणि तिन्हींचं तापमान एकसारखं झालं की सुरू. एकसारखं हे महत्त्वाचं. डेव्हलपर गार आणि धुवायचं पाणी गरम असलं की जिलेटिनचा थर फुगून आक्रसतो. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून टाका.

तुमच्याकडे पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने करा, त्यात वेटिंग एजंटचे दोन थेंब, म्हणजे पाणी थेंब न धरता ओघळून जातं. नाहीतर वाळल्यावर क्षाराचे ठिपके राहतात आणि स्कॅनमध्ये ते एकेक पुसत बसावं लागतं. रोल वाळत घालायला बाथरूम उत्तम: आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, धूळ खाली बसते, मग टांगायचं.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. ते झाडांच्या आळ्यात किंवा बोअरजवळ ओतू नका. मी कॅनमध्ये साठवते, एक्स-रेवाल्यांकडून चांदी काढणारा माणूस नेतो, त्याच्याकडे देते.

आणि ताई, फिल्म गुंडाळून धुवायची रील अंधारात भरायचा सराव आधी एका वाया गेलेल्या रोलवर उजेडात करा, मग डोळे मिटून. बोटांना आठवतं. माझ्या बोटांना आठवलं होतं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

---

निवृत्त प्रेस (पुणे), 12 जानेवारी

बाईसाहेब, फिल्टरचं मी सांगतो. दोन्ही घरी ठेवा.

हळद निळा प्रकाश शोषते; लाल आणि हिरवा परत फेकते. आजची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म सगळ्या रंगांना जागी असते, त्यामुळे उन्हातली हळद तिच्यावर मुळातच फिकी येते. पिवळा फिल्टर लावलात तर आणखी फिकी, नारिंगी लावलात तर रास पिठाची की हळदीची कळायचं नाही. फिल्टर ढगांना लावतात, हळदीला नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. आपल्या आज्यांच्या फोटोंत कुंकू काळंभोर दिसतं ते त्यामुळेच. त्या फिल्मवर हळदही गडद आली असती. तशी फिल्म इलफर्ड आजही करते, पण तिचा स्पीड, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, 80 च आहे. छपराखाली तुमच्या कामाची नाही.

मग हळकुंडांना आकार कसा द्यायचा? बाजूने येणाऱ्या उजेडाने. सकाळी शेडच्या कडेला जिथे तिरकं ऊन आत येतं तिथे उभ्या राहा. प्रत्येक हळकुंडाची एक बाजू सावलीत गेली की रास आपोआप बोलते. भर दुपारी जाऊ नका.

एक्सपोजर: तुमचं मीटर उजळ राशीला भुलेल आणि माणसांचे चेहरे काळे करील. स्वतःचा तळहात त्या माणसाच्या उजेडात धरा, त्यावर मीटर घ्या आणि एक स्टॉप उघडा, म्हणजे उजेड दुप्पट येऊ द्या. मी आयुष्यभर हेच केलं. मीटर बंद पडलं तर कडक उन्हात एफ/16 आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं. 400 ला 1/500. छपराखाली चार स्टॉप उघडून सुरुवात करा.

आता जे विचारलं नाहीत त्याबद्दल. इतकी वर्षं गेली याचं वाईट वाटतं असं लिहिलंत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी 1970 मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं जगल्या, 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं, तरी पुन्हा त्या कामाकडे वळल्या नाहीत. आणि म्हणून त्यांचे आधीचे फोटो कणभरही कमी झाले नाहीत. तुमचं मिरजेचं शीटही तसंच शाबूत आहे. मधल्या वर्षांचा हिशोब मागणारं कोणी नाही. यार्डात जा.

आणि जाल तेव्हा आधी अडत्याला भेटा, मग हमालांना. कॅमेरा पिशवीत ठेवून भेटा.

---

कृष्णाकाठ, 16 मार्च

मंडळी, मध्ये बोर्डाच्या परीक्षा होत्या म्हणून उशीर झाला. पण जाऊन आले. जाते आहे, असं म्हणायला हवं.

कॅमेरा मुंबईहून साफ होऊन आला, नव्या सीलसह. पहिल्या दिवशी प्रेसकाकांनी सांगितलं तसं पिशवीतून बाहेरच काढला नाही. अडत्यांना भेटले. ते म्हणाले, “बाई, पेपरातून आलाय का?” नाही म्हटल्यावर त्यांना माझं काय करावं कळेना, मग चहा सांगितला. सौदा चालू असताना वाटेत उभं राहायचं नाही, एवढी एकच अट.

सौदा म्हणजे घोळका असतो. अडत्या पुढे, खरेदीदार मागे, एका राशीवरून दुसऱ्या राशीवर. कोणी राशीत हात घालून खालचं हळकुंड वर काढतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि टाकतो. मोडताना होणारा आवाज ते ऐकत असतात. चांगली वाळलेली हळद कट्कन मोडते. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले आणि हा आवाज मला माहीत नव्हता. भाव ठरला की घोळका पुढे जातो आणि मागे शांतता राहते, तेव्हा हमाल येतात. पोती भरणं, काट्यावर चढवणं, दाभणाने सुतळीत तोंड शिवणं. मला हा भाग जास्त आवडला. सौद्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, शिवणाऱ्याकडे कोणाचंच नसतं.

पोती शिवणारे एक मामा आहेत. वय साठच्या पुढे. त्यांच्या भुवया, कानांवरचे केस, हातावरची लव, सगळं पिवळं. सुतळी ओढताना ते ती दातांत धरतात आणि दाभण मारताना श्वास रोखतात. त्यांच्याशी बोलायला लागल्यावर कळलं की ते हरिपूरचे. हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. त्यांच्या वडिलांनी पेवात उतरून काम केलंय. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. 2005 च्या पुरानंतर बरीचशी पेवं गेली. हे सगळं त्यांनी शिवता शिवता सांगितलं. मी कॅमेरा गळ्यात घालून पोत्यावर बसले होते आणि बराच वेळ तो उचलला नाही.

मग उचलला. तळहातावर मीटर, एक स्टॉप उघडून, 1/60 आणि एफ/4. त्यांनी वर बघितलंही नाही.

घरी बाथरूममध्ये धुतला रोल. संत्रानगरी, घमेलं, बर्फाची पिशवी, सगळं तुमच्या पद्धतीने. रील भरताना दिवा बंद केला आणि बोटांनी खाच शोधली. बोटांना आठवत होतं. फिक्सर ओतून झाकण उघडलं, ओला रोल उजेडाकडे धरला आणि त्यात मामांचे हात दिसले, उलटे, काळे-पांढरे. मी नवऱ्याला हाक मारून दाखवले. ते कॅमेऱ्यातलं काही जाणत नाहीत, पण म्हणाले, “हे कोण? दातात काय धरलंय?” कोणी माझा फोटो पाहून प्रश्न विचारल्याला किती वर्षं झाली असतील.

कॉन्टॅक्ट शीट मिरजेच्या शीटशेजारी ठेवून पाहिलं. सरकत जाणं आहे, तसंच आहे. पण एक गोष्ट नवी आहे. मिरजेत मी हातांपर्यंत पोचले होते आणि तिथेच थांबले होते. चेहरा फक्त एका फ्रेममध्ये आहे, तोही निम्मा. वीस-बावीस वर्षांची होते, अनोळखी माणसाशी बोलायची भीड वाटायची. यार्डातल्या शीटवर अर्ध्याहून जास्त चेहरे आहेत. वर्गात उभं राहून इतकी वर्षं मुलांशी, पालकांशी बोलले ते इथे कामाला आलं असावं. ही वर्षं फोटोग्राफीशिवाय गेली असं मी समजत होते. मला आता तसं वाटत नाही.

तिरक्या उन्हाचं अगदी खरं ठरलं, काका. शेडच्या पूर्वेकडच्या कडेला सकाळी जेमतेम तासभर ते मिळतं. त्यात रास खडीसारखी उठून दिसते. आत सावलीत घेतलेल्या फ्रेममध्ये मात्र हळद नुसती करडी आहे, पोत्याच्या आणि तिच्या रंगात फरकच नाही.

एक अडचण. मामांना आठ बाय दहाची कॉपी नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिली, बाकीचे हमाल जमले, सगळ्यांनी पाहिली. मग मामा म्हणाले, “बाई, झकास आलाय. पण हळद पांढरी का दिसायलीय? घरात लावला तर लोक म्हणतील, मामा आटा-गिरणीत कामाला लागला.” सगळे हसले, मीही हसले, पण त्यांचं म्हणणं मला पटलं. ज्या माणसाने जन्म हळदीत काढला त्याला त्याच्या फोटोत ती पिवळीच हवी. तो रंग त्यांच्या अंगावर आहे, तो काढून घ्यायचा मला काय अधिकार?

म्हणून त्यांच्यासाठी एक कलर रोल घालते आहे, कोडॅक गोल्ड 200. कलर निगेटिव्ह मी आयुष्यात घरी धुतलेलं नाही. छपराखालच्या उजेडात 200 पुरेल का, आणि पिवळा नीट यावा म्हणून काय सांभाळू? सौदे अजून काही आठवडे चालतील.

---

निवृत्त प्रेस, 16 मार्च

मामांचं बरोबर आहे. त्यांना कलर द्या, तुमच्यासाठी काळं-पांढरं ठेवा.

1/60 ला एफ/4 म्हणजे तुमचा उजेड 400 स्पीडच्या फिल्मवर बसला होता. 200 ला एक स्टॉप कमी पडेल आणि तुमची 35-70 त्याहून फारशी उघडत नाही. जुना 50 एमएम एफ/1.8 शोधा, निकॉनचा, मॅन्युअल फोकसचा. पुष्कळ आहेत बाजारात. नाहीतर मामांना विनंती करा की दोन पोती कडेच्या उन्हाजवळ शिवा. ते करतील.

---

संत्रानगरी, 17 मार्च

मामांचे फोटो पाहायला फार उत्सुक आहे, ताई. पेवाची गोष्ट वाचून मी आईला फोन करून सांगितली.

कलरचं: गोल्ड 200 चं मीटर 100 वर लावा. कलर निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी अजिबात सोसत नाही. कमी पडला की सावल्या मातकट होतात आणि पिवळा घाणेरडा येतो. याचा अर्थ उजेड आणखी एक स्टॉप लागणार, त्यामुळे काकांनी सांगितलेली कडेची जागाच धरा. शेडला हिरवे किंवा निळे पारदर्शक पत्रे असतील तर त्यांच्याखाली अजिबात नको, तो रंग मामांच्या तोंडावर उतरेल. ट्यूबलाइटचंही तसंच.

घरी धुवायचं तर सी-41 ला, म्हणजे कलर निगेटिव्ह धुवायच्या पद्धतीला, 38 अंश लागतात, डेव्हलपर सव्वातीन मिनिटं. नागपुरात मे महिन्यात मला पाणी तापवावं लागत नाही, पण अर्ध्या अंशाचा फरक रंगात दिसतो. मामांच्या रोलवर पहिला प्रयोग करू नका, लॅबला पाठवा. स्कॅन करताना मशीन राशीचा पिवळा ‘दुरुस्त’ करून टाकतं, म्हणून चिठ्ठीत लिहा: विषय हळदीचा आहे, पिवळा तसाच ठेवा. आणि निगेटिव्ह परत हवेत असंही ठळक लिहा. बऱ्याच लॅब हल्ली नुसते स्कॅन पाठवतात, मागितले नाहीत तर निगेटिव्ह टाकून देतात.